जंगलात सिमेंटचे बुंधे कशाला?

महोदय,

वनपर्यटनासाठी तंबूनिवास, निरीक्षण मनोरे, पायवाटा उभारण्याच्या बातम्या आपल्या अंकात वरचेवर असतात. कामे जरूर व्हावीत. ती कशी व्हावीत, याबद्दल थोडे लिहितो.

मी टेक्सासमधील ऑस्टिनला राहतो. इथून पन्नासेक किलोमीटरवर बॅस्ट्रॉप हे राज्य उद्यान आहे. पूर्व टेक्सासच्या मोठ्या पाइनबनापासून फार दूर, एकट्याच उरलेल्या पाइनच्या पट्ट्यात ते वसले आहे. तिथल्या कॉटेज, सहलीची जागा, मोठे भोजनगृह, पोहण्याचा तलाव हे सारे १९३३ ते १९३९ या काळात उभे राहिले, आणि तेही मंदीत बेकार झालेल्या पोरांच्या हातून. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९३३ मध्ये सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर ही योजना काढली; बेकार तरुणांना छावण्यांत ठेवून त्यांना जंगल-उद्यानांची कामे द्यायची. महिना ३० डॉलर पगार, त्यातले २५ परस्पर घरी. बॅस्ट्रॉपला या पोरांच्या दोन तुकड्या होत्या.

बहुतेकांनी आधी छिन्नी हातात धरलेली नव्हती. म्हणून योजनेतच आसपासचे कसबी गवंडी, सुतार मुकादम म्हणून नेमायची सोय होती. दगड तिथलाच, लाल वालुकाश्म. वास्तुविशारद आर्थर फेहर यांनी कॉटेज अशा बेतल्या की त्या उतारावरच्या खडकातूनच वर आल्यासारख्या वाटतात. उद्यानातल्या सुतारशाळेत तर टेक्सासच्या इतर उद्यानांसाठीही टेबल-खुर्च्या बनत. १९९७ मध्ये या उद्यानाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

सप्टेंबर २०११ मध्ये भीषण दुष्काळात वणवा पेटला. परिसरातली सोळाशेहून अधिक घरे गेली, उद्यानाचा सुमारे ९६ टक्के भाग होरपळला. अग्निशामक जवानांनी भोजनगृह आणि कॉटेज मात्र झुंजून वाचवल्या. भोवती काळे बुंधे उभे असतानाही लोक तिथे मुक्कामाला येत राहिले. पाइनची नवी रोपे आता चांगली वाढली आहेत.

त्या योजनेचे गोडवे गायचे नाहीत. छावण्यांत बायकांना जागा नव्हती, कृष्णवर्णीयांच्या तुकड्या वेगळ्या ठेवल्या जात. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीच्या कामांवर बायका मोठ्या संख्येने होत्या, त्या बाबतीत आपण उजवेच. पण आपण त्यांच्याकडून खडी फोडून घेतली, माती वाहून घेतली. पाझर तलाव झाले, रस्ते झाले. चूल पेटती राहिली, हे थोडेथोडके नव्हे. हातात कसब मात्र फारसे आले नाही.

आणि आज आपल्या वन उद्यानांत काय दिसते? सिमेंटचे कठडे, लाकडासारखे रंगवलेले. सिमेंटचाच बुंधा, त्यावर सिमेंटचीच साल, आणि शेजारी खराखुरा साग उभा! सह्याद्रीत बेसाल्टला तोटा नाही, कोकणात जांभा आहे, दगड घडवणारे पाथरवट आणि वडारही अजून आहेत.

वनखात्याने एवढेच करावे: जंगलातल्या बांधकामाच्या निविदेत स्थानिक दगड आणि स्थानिक कारागीर ही अट घालावी, आणि त्या कारागिरांच्या हाताखाली गावातली चार मुले-मुली मजुरी देऊन शिकायला ठेवावीत. खर्च वाढेल, हे खरे. पण रंगवलेला कठडा दर काही वर्षांनी पुन्हा रंगवावा लागतो; तो खर्चही अंदाजपत्रकात दाखवा, मग तुलना करू.

– एक वाचक, ऑस्टिन (टेक्सास)