पिंजऱ्यातली ऊब आणि मुठीची चाचणी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत घरी इग्वाना आणि अजगर पाळणाऱ्या तरुणांवरचा लेख वाचला. फोटो झकास होते. पण ‘थंडीत पिंजऱ्यात एक बल्ब लावून ठेवला की झालं’ हे वाक्य वाचलं आणि हातातला चहा तसाच राहिला. त्या ‘की झालं’पायी आमच्या घरातला प्राणी एका दुपारी मरता मरता वाचलाय, म्हणून हे पत्र.

मी नाशिकच्या सिडकोत ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. प्राणी पाळायची हौस मला कधीच नव्हती. धाकट्याने वीतभर हिरवा इग्वाना आणला, पाच वर्षांत तो शेपटीसकट चार फुटांचा झाला आणि धाकटा शिकायला पुण्याला गेला. हॉस्टेलवर सरडा कोण ठेवून घेणार? राहिला माझ्याकडे. गळ्याखालची ती लोंबती कातडी पाहून सासूबाईंनी त्याचं नाव आप्पा ठेवलं. कोणत्या आप्पांवरून, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

गल्लीत पहिले काही महिने ‘ह्यांनी घोरपड पाळलीय’ अशी कुजबुज होती. घोरपड पाळणं गुन्हा आहे, तारांकित कासव पाळणंही. इग्वाना मेक्सिकोपासून ब्राझीलपर्यंतच्या रानातला, परका प्राणी. पण त्याचीही सरकारदरबारी नोंद लागते. २०२४ च्या नियमांप्रमाणे मुलाने ती परिवेश या सरकारी संकेतस्थळावर केली, कागद माझ्या कपाटात साड्यांखाली आहे. तुमच्या लेखात याबद्दल अवाक्षर नव्हतं, तेही एक राहिलंच.

आता उबेचं. आप्पा शाकाहारी. शेवग्याचा पाला, जास्वंदीची फुलं, लाल भोपळ्याचा कीस. हा पाला त्याच्या आतड्यातले जिवाणू आंबवतात तेव्हा कुठे तो अंगी लागतो. इडलीचं पीठ डिसेंबरात फुगत नाही हे कोणत्याही बाईला ठाऊक आहे. आप्पाच्या पोटात थंडीने तेच होतं. त्याला स्वतःच्या अंगची ऊब नसते. रानात तो उन्हाच्या फांदीवर शेकतो आणि तापला की सावलीत सरकतो. आमच्या पिंजऱ्यात, म्हणजे सुताराकडून करून घेतलेल्या सहा फूट उंच जाळीच्या कपाटात, त्याने सरकून सरकून जायचं कुठे? म्हणून वरच्या फांदीचं टोक ३५-३६ अंश आणि खालचा कोपरा २६-२७ अंश, असा उतार आपण करून द्यायचा. रात्री सगळीकडेच कमी चालतं, पण २३-२४ च्या खाली मी जाऊ देत नाही.

हे कोकणात कदाचित सोपं असेल. आपल्याकडे फेब्रुवारीत एकाच दिवसात दोन ऋतू होतात. पहाटे गोधडीतून पाय बाहेर काढवत नाही आणि दुपारी दोनला पंखा लागतो. पहाटेच्या हिशेबाने लावलेला बल्ब दुपारी तसाच चालू राहिला, तर पिंजऱ्याची भट्टी होते. निफाडकडे पारा उतरला की द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवतात, पण तेही शेकोटी पेटवून घरी जाऊन झोपत नाहीत. मी तर दिवसभर दुकानात. म्हणून पिंजऱ्यापाशी राखणीला कोणीतरी हवं, आणि ते काम थर्मोस्टॅटचं.

थर्मोस्टॅट म्हणजे काय हे मला कोणी शिकवायला नको होतं. माझ्या इस्त्रीत तोच आहे. दोन वेगवेगळ्या धातूंची पट्टी एकमेकींना चिकटवलेली. तापली की एक जास्त वाढते, पट्टी वाकते, टिक् असा आवाज होतो आणि दिवा विझतो. येवल्याच्या पैठणीचा ब्लाउजपीस हाताखाली असला की मी त्या टिक् आवाजाकडे कान लावून असते. रेशीम एकदा पिवळं पडलं की गिऱ्हाईक आयुष्यभर विसरत नाही. फरक इतकाच की इस्त्री बरीच अंशं वरखाली झाली तरी कापडाला कळत नाही. प्राण्याला कळतं. म्हणून त्याच्यासाठी आकडे दाखवणारा डिजिटल कंट्रोलर लागतो. अंडी उबवायच्या पेटीला लावतात तसला, काही शे रुपयांत मिळतो. एक सेन्सरची वायर, समोर लाल आकडे, मागे वायरी पिळायचे स्क्रू.

मी शहरातल्या एका दुकानातून तो आणला, सोबत शंभर वॅटचा सिरॅमिक हीटर. हा बल्बच्याच आकाराचा, पण उजेड देत नाही, नुसता तापतो. रात्रीसाठी हाच बरा, कारण इग्वानाच्या डोक्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि त्याखाली तिसरा डोळा. त्याने दिसत काही नाही, पण उजेड-अंधार कळतो. रात्रभर बल्ब जळला की त्याची झोप मोडते. हीटरला पिळून बसवायचा आणि चिनीमातीचाच होल्डर लागतो, प्लॅस्टिकचा वितळतो, हे मात्र दुकानदाराने सांगितलं. बाकी काही सांगितलं नाही. माहितीपत्रक होतं ते बारीक इंग्रजीत आणि चिनीत.

ओळखीच्या वायरमनने जोडणी करून दिली. चांगला माणूस, पैसेही घ्यायला तयार नव्हता. मी २८ अंश लावले. त्या रात्री हीटर पेटला नाही. सकाळी आप्पा काळपट पडून फांदीला चिकटलेला. मला वाटलं, नवीन आहे, होईल सुरू. दुकान उघडायला गेले. दुपारी डबा घ्यायला विसरले होते म्हणून दोनच्या सुमारास घरी आले, तर समोर लाल आकडा ४३. आप्पा खालच्या कोपऱ्यात, अंग जाळीला चेपून, तोंड वासून. सरडे घाम गाळत नाहीत, तोंड वासतात. मी आधी प्लग ओढला, मग त्याला टॉवेलात धरून मोरीत नेलं आणि साधं, गार नसलेलं पाणी हळूहळू अंगावर सोडलं. अर्ध्या तासाने त्याने मला शेपटीचा फटका मारला. तेव्हा जिवात जीव आला.

चूक काय होती ते संध्याकाळी मुलाने व्हिडिओ कॉलवर वायरी बघून सांगितलं. या कंट्रोलरला मागे दोन स्वतंत्र वाटा असतात. एक गरम करायची, एक थंड करायची, कारण तोच डबा फ्रीजलाही लावता येतो. हीटरची वायर गेली होती थंड करायच्या वाटेवर. म्हणजे रात्री गारठा पडला तेव्हा कंट्रोलरने गरमची वाट उघडली, पण तिथे काही जोडलेलंच नव्हतं. आणि दुपारी खोलीच तापून पारा २९ वर गेला तेव्हा त्याने इमानेइतबारे थंडची वाट उघडली, आणि पेटला हीटर! जितकं तापेल तितका तो पेटलेलाच. सकाळी निघताना समोर गरमचा दिवा पेटलेला आणि हीटर मात्र गार, हे मी पाहिलं असतं, तर कदाचित कळलं असतं. पण आपण कपडे शिवतो, डब्यावरचे दिवे वाचत नाही.

वायरमनला मी दोष देत नाही. तो बिचारा पंखे नि मोटारी जोडतो. दोष द्यायचा तर असा डबा मराठीतल्या चार ओळींशिवाय विकणाऱ्यांना द्यावा. आणि थोडा मलाही, कारण जी चाचणी मी आता करते ती तेव्हा दोन मिनिटांत झाली असती. सेन्सरचं टोक मुठीत धरायचं. आकडा चढू लागतो. ठरवलेल्या अंशावर पोहोचला की हीटरची वीज तुटली पाहिजे, आणि मूठ सोडून टोक गार पाण्यात बुडवलं की पुन्हा आली पाहिजे. हीटर उजेड देत नाही म्हणून चाचणीपुरता त्याच होल्डरला बल्ब लावायचा, म्हणजे डोळ्यांनी दिसतं. शिवाय बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी कालवून त्यात टोक धरलं तर शून्य दिसायला हवं. माझ्याकडे २ दिसत होतं. ते सेटिंगमधल्या चौथ्या खान्यात दुरुस्त करता येतं.

त्यानंतर पुढचा धडा आप्पानेच दिला. सेन्सर मी नुसता फांदीला अडकवला होता, त्याने शेपटीने तो खाली पाडला. टोक गार फरशीवर, कंट्रोलरला वाटलं अजून थंडीच आहे, हीटर चालूच. नशिबाने रविवार होता. आता टोक फांदीच्या उंचीवर, हीटरच्या थेट खाली नाही पण त्याच्याच बाजूला, दोन ठिकाणी प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळलंय. हीटरभोवती जाळी, कारण या प्राण्यांना चटका बसतोय हे लवकर कळत नाही. फोड आल्यावर आपल्याला कळतं. आणि पहिल्या कंट्रोलरच्या रांगेत दुसरा लावलाय, त्याचा सेन्सर वेगळा, ३८ ला तोडणारा. आतल्या रिलेची, म्हणजे वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या खटक्याची, टोकं कधी कधी चिकटून बसतात आणि मग पहिला बंद व्हायचं नाव घेत नाही. सासूबाई म्हणाल्या, सरड्याला दोन पहारेकरी आणि घराला एक कुलूप.

उन्हाळ्यात या सगळ्याचा उपयोग शून्य, हेही सांगायला हवं. थर्मोस्टॅट ऊब तोडू शकतो, गारवा आणू शकत नाही. एप्रिलमध्ये आमची पश्चिमेची खोली स्वतःच ३८ वर जाते, तेव्हा हीटर महिनाभर बंदच असतो. पिंजरा मागच्या खोलीत, खिडकीला ओलं गोणपाट, आणि थंडच्या त्या वाटेवर एक छोटा एक्झॉस्ट पंखा. म्हणजे ज्या स्क्रूंनी आप्पाला मारायला घेतलं होतं, तेच आता कामी येतात. थंडीत लाईट गेली तर मात्र सगळे आकडे विझतात. मग गरम पाण्याची रबरी पिशवी, ती जुन्या परकरात गुंडाळून, आणि पिंजऱ्यावर गोधडी. हा जुना उपाय अजून कोणी सुधारलेला नाही.

माझी विनंती साधी आहे. तो लेख वाचून या आठवड्यात कोणीतरी बल्ब लावून झोपलं असेल. पुढच्या पुरवणीत एका चौकटीत थर्मोस्टॅटबद्दल आणि मुठीच्या चाचणीबद्दल छापावं. जागा कमी असेल तर माझ्या पत्रातली आप्पाची कौतुकं कापा, चाचणी कापू नका. आणि अशी उपकरणं विकणाऱ्या दुकानदारांपैकी कोणी हे वाचत असेल, तर गरम आणि थंडच्या स्क्रूंपाशी मराठीत दोन शब्द लिहिलेला कागद चिकटवून द्या. चांगला कागद मिळत नसेल तर ब्लाउजच्या मापाचा माझ्याकडे भरपूर आहे, घेऊन जा.

आपली,
ब्लाउज शिवणारी एक वाचक,
सिडको, नाशिक