अकरा बसत नाही म्हणून कॉम्प्युटर भंगारात?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत जुन्या कॉम्प्युटरवर जे आलं होतं त्यात विंडोज 11 बसत नसेल तर नवीन मशीन घ्या असा सरळ सल्ला होता, आणि तो वाचून आमच्या इथल्या एक-दोन मंडळांनी अभ्यासिकेतले कॉम्प्युटर भंगारवाल्याला दाखवायला सुरुवात पण केली, म्हणून हे पत्र. मी लालबागमधल्या एका मंडळाच्या अभ्यासिकेतली मशीनं सांभाळतो, पगारी नाही, हौस म्हणून. पोरं तिथे एमपीएससीचे फॉर्म भरतात, ॲडमिशनच्या याद्या बघतात, पीडीएफ वाचतात, प्रिंट काढतात. मशीनं सगळी कुठल्या ना कुठल्या ऑफिसने नवीन घेतली तेव्हा दान म्हणून आलेली.

माझं म्हणणं एवढंच आहे की अकरा बसत नाही म्हणजे मशीन संपलं असं अजिबात नाही. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला हे खरं आणि अकराला टीपीएम 2.0 (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारा भाग), सिक्युअर बूट (चालू होताना खात्रीचंच सॉफ्टवेअर उठू देणारं सेटिंग) आणि साधारण आठव्या जनरेशनपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो हेही खरं. पण चालणाऱ्या प्रोसेसरची ही यादी वेग बघून केलेली नाही, सिक्युरिटी बघून केलीय. त्यामुळे होतं काय, की 2017 चा आय5-7500, चार कोरचा चांगला दणकट प्रोसेसर, तो नापास आणि सेलेरॉन एन4000 हा दोन कोरचा, स्वस्तातल्या लॅपटॉपमध्ये येणारा, तो पास! दोघांवर ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडून बघा कोण दम तोडतो ते. बरं यादीला अपवादही आहे, सातव्या जनरेशनमधल्या आय7-7820एचक्यूला काही मॉडेलपुरतं आत घेतलंय.

आता प्रोसेसर यादीत असूनही "धिस पीसी कान्ट रन विंडोज 11" असा मेसेज आला की लोक घाबरतात. घाबरू नका, आधी स्टार्टमध्ये टीपीएम.एमएससी (tpm.msc) टाईप करून बघा. टीपीएम म्हणजे दरवेळी वेगळी चिप असते असं नाही, इंटेलच्या मदरबोर्डवर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) पीटीटी नावाने आणि एएमडीमध्ये एफटीपीएम नावाने तो आतच असतो, फक्त कितीतरी बोर्डवर कंपनीतून बंदच येतो, तो चालू केला की मेसेज गायब. सिक्युअर बूटचं जरा सांभाळून. डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची असेल आणि तुम्ही बायोसमध्ये लेगसी या जुन्या बूट पद्धतीचं यूईएफआय हे नवं करून मोकळे झालात तर विंडोज उठणारच नाही, आधी विंडोजमधल्याच एमबीआर2जीपीटी टूलने तीच डिस्क नव्या जीपीटी पद्धतीची करून घ्यायची आणि त्याच्याही आधी बॅकअप. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कवरचं कुलूप, चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या, बायोसला हात लावल्यावर ती मागतो आणि नसेल तर सगळा डेटा गेला समजा.

यातली एक गंमत जुनं मशीन वापरणाऱ्यांना नक्की भेटते. आज पीटीटी चालू केला, अकरा टाकलं, सगळं मस्त, आणि चार दिवसांनी मेन स्विच बंद करून चालू केला की टीपीएम परत गायब, घड्याळ कुठल्या तरी जुन्या वर्षात, आणि तारीख चुकीची म्हणून बँकेची साईट उघडेना. लोक म्हणतात बघा, जुन्या मशीनवर अकरा टिकत नाही. अहो मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सीआर2032 सेल संपलाय, त्यामुळे बायोसचं सगळं सेटिंग मूळपदावर येतं. वीस-तीस रुपयांचं काम, कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडे पण मिळतो. तसंच आपल्या मुंबईच्या दमट हवेत रॅमच्या पट्टीवर काळपट थर बसतो, मशीन बीप मारत राहतं, पट्टी काढून तिच्या सोनेरी टोकांवर खोडरबर फिरवा आणि परत बसवा, बऱ्याच वेळा तेवढ्यावर भागतं.

प्रोसेसरच यादीत नसेल तरी रुफस नावाच्या फुकट सॉफ्टवेअरने पेन ड्राईव्ह बनवताना टीपीएम, सिक्युअर बूटची तपासणी वगळता येते. लॅमिंग्टन रोडला आणि गल्लीबोळातल्या रिपेअरवाल्यांकडे सध्या हेच सर्रास चाललंय. करा, माझी हरकत नाही, आमच्या सहाव्या-सातव्या जनरेशनच्या मशीनवर असंच चालतंय. पण गिऱ्हाईकाला सांगून करा ना! अशा मशीनला महिन्याचे सिक्युरिटी अपडेट एरवी येतात पण ते मिळतीलच असं मायक्रोसॉफ्ट कबूल करत नाही, आणि वर्षाकाठी येणारं मोठं व्हर्जन आपणहून येत नाही, ते दरवेळी हाताने टाकावं लागतं. हे कोणी करायचं? सोसायटीच्या सेक्रेटरीला कोणीतरी "ओरिजिनल अकरा" म्हणून टाकून देतं, बिलावर एक अक्षर नाही, आणि दोन वर्षांनी ते व्हर्जन जुनं होऊन अपडेट थांबतात तेव्हा काकांना पत्ताच नसतो. माझ्या मते अभ्यासिकेत, घरात मुलांसाठी असा जुगाड ठीक आहे, पण ज्या मशीनवरून मंडळाचा किंवा सोसायटीचा खजिनदार बँकेत लॉगिन करतो त्यावर नको म्हणजे नको. तिथे पैसे खर्च करा.

कोअर 2 ड्युओ या फार जुन्या प्रोसेसरवाल्यांनी मात्र या नादाला लागू नये. अकराच्या 24एच2 व्हर्जनपासून प्रोसेसरला पॉपकाउंट आणि एसएसई4.2 या आज्ञा कळायलाच पाहिजेत, त्या कळत नसतील तर अकरा बूटच होत नाही आणि त्यावर जुगाड नाही.

आणि मशीन स्लो आहे ही तक्रार असेल तर विंडोजला शिव्या घालण्याआधी टास्क मॅनेजर उघडा. डिस्कच्या खाली सतत 100 टक्के दिसत असेल तर दोष त्या गोल फिरणाऱ्या हार्ड डिस्कचा, साधी साटा एसएसडी (न फिरणारी, चिपवाली डिस्क) टाकली की तेच मशीन ओळखू येत नाही. रॅम कागदावर 4 जीबी चालते असं लिहिलंय पण क्रोम उघडल्यावर 4 जीबीत काही उरत नाही, 8 करा. जुनी डीडीआर3 पट्टी सेकंडहँड मिळते, फक्त लॅपटॉपला लो व्होल्टेजवाली लागते का ते विचारून घ्या.

लिनक्सचं, म्हणजे विंडोजऐवजी टाकायच्या फुकट सिस्टिमचं, नाव काढलं की आमच्या कमिटीत लोक हसतात. पण लिनक्स मिंट 22 ला 2029 पर्यंत अपडेट आहेत, 4 जीबी रॅममध्ये नीट चालतं, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमधून नुसता ॲड करायचा. एमपीएससीची पीडीएफ वाचायला, फॉर्म भरायला पोरांना विंडोज आहे की आणखी काही याने काडीचा फरक पडत नाही. अडतं कुठे तेही सांगतो. हिशोबाचं टॅली त्यावर सरळ चालत नाही. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधल्या अर्जांच्या फाईली तो फॉन्ट नसेल तर अगम्य दिसतात. आणि घरोघरी दिसणारा एचपीचा 1020 प्रिंटर, त्याला एचपीलिप या लिनक्सवरच्या एचपी ड्रायव्हरचं जादा प्लगइन टाकावं लागतं, नुसती केबल लावून प्रिंट येत नाही. तेवढं एकदा केलं की पुढे कटकट नाही.

ज्यांना काहीच बदलायचं नाही त्यांच्यासाठी विंडोज 10 चे जादा सिक्युरिटी अपडेट, म्हणजे ईएसयू, घरगुती मशीनना 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत आहेत. त्याला 30 डॉलर लागतात असंच लोकांना वाटतं, पण मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर फुकटही मिळतात, फक्त विंडोज 10 चं 22एच2 व्हर्जन पाहिजे. हे तुमच्या मजकुरात एका ओळीनेही नव्हतं, आणि नेमकं हेच लोकांना हवं होतं.

खरोखर मेलेलं मशीन असेलच तर ते हातगाडीवाल्याला किलोवर देऊ नका. 1 एप्रिल 2023 पासून ई-कचऱ्याचे नवीन नियम लागू आहेत, नोंदणी असलेल्या रिसायकलरकडेच द्यायचं असतं, आणि देण्याआधी डिस्क काढून ठेवा, त्यात मंडळाच्या देणगीदारांचे फोन नंबर, कोणाकोणाची आधार कार्डं स्कॅन केलेली पडलेली असतात.

तर विनंती अशी की पुढच्या वेळी या विषयावर छापाल तेव्हा आधी बायोस तपासा, मग एसएसडी, मग लिनक्स आणि शेवटी नवीन मशीन या क्रमाने छापा. आणि रिपेअरवाल्यांनी तपासणी वगळून अकरा टाकलं असेल तर तसं बिलावर लिहून द्यावं, एवढं जरी तुमच्या पेपरातून त्यांना सांगितलंत तरी पुष्कळ होईल.

आपला,
एक वाचक, लालबाग, मुंबई