रात्री पायी चालणाऱ्यांसाठी तुमच्या दोन संध्याकाळी हव्या आहेत

सप्रेम नमस्कार.

आमच्या वसाहतीत पोळ्या करायला एक मावशी येतात. गेल्या दिवाळीच्या आधी, शेवटचं घर उरकून, रात्री नऊच्या सुमाराला त्या घरी निघाल्या. रोज जिथून रस्ता ओलांडतात तिथूनच ओलांडत होत्या. अंगावर गडद निळं लुगडं, हातात पिशवी. मोटारसायकलवरचा मुलगा आमच्याच मागच्या गल्लीतला. त्याने ब्रेक दाबला तो मावशी पडल्यावर. पायाचं हाड मोडलं. तीन महिने घरात बसून काढावे लागले आणि पोळ्यांच्या पाच घरांपैकी दोनच परत मिळाली. मुलगा पळाला नाही. त्यानेच रिक्षा थांबवून त्यांना दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी आम्ही भेटायला गेलो तेव्हा मावशी म्हणाल्या, "त्या पोराले काही बोलू नका. त्याले मी दिसलीच नही."

खरंच दिसल्या नसणार. तिथले सलग पाच खांब गणपतीपासून बंद होते. आम्ही सगळे त्याच रस्त्याने रोज जात-येत होतो, पण गाडीवरून. गाडीला स्वतःचा दिवा असतो, त्यामुळे खांबावरचा दिवा गेलाय हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. ते फक्त पायी चालणाऱ्यांना माहीत होतं, आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

म्हणून हे पत्र. जळगावातले रस्ते रात्री पायी फिरून पाहण्यासाठी आम्हाला माणसं हवी आहेत आणि थोडे पैसेही.

आपल्या गावात अंधार पडल्यावर चालणारे थोडेथोडके नाहीत. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांवर जातो, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. भाजी, दवाखाना, पाहुण्यांकडे जाणं, म्हाताऱ्या माणसांचं पाय मोकळे करणं, सगळं दिवस मावळल्यावर. पहाटे सफाई कामगार निघतात, पेपर टाकणारी मुलं निघतात. चैत्रात सप्तशृंगीच्या गडावर पायी जाणारे आपलेच भाऊबंद ऊन टाळायला रात्रीची वाट धरतात, महामार्गाच्या कडेने, मालट्रकच्या शेजारून. आणि हा महामार्ग तर शहराच्या मधोमध. घर एका बाजूला, शाळा किंवा क्लास दुसऱ्या बाजूला, अशी किती घरं आहेत! समांतर रस्त्यांसाठी जळगावकरांनी किती वर्षं आंदोलनं केली ते कुणाला सांगायला नको. पण तेव्हाही आपण बोललो ते जास्त करून गाड्यांसाठी.

ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर पुढे जाते. माणूस दिसला, मेंदूला कळलं, पाय ब्रेकवर गेला, एवढ्यात एक-दीड सेकंद संपतो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच १४ ते २१ मीटर गेले. गडद कपड्यातला माणूस डिपरच्या उजेडात दिसतोच मुळी वीस-तीस मीटरवर. आता हिशेब करा. त्याच माणसाच्या अंगावर रेडियमचा पट्टा असेल तर तो शंभर मीटरच्या पलीकडूनही चमकतो. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यांत ३२ हजारांहून जास्त पायी चालणारी होती.

दिवा आहे म्हणजे उजेड आहे, असंही नाही. दुभाजकावरच्या खांबांचा झोत डांबरावर पडतो आणि कडेने चालणारा माणूस निंबाच्या सावलीत राहतो. रस्ता ओलांडायच्या जागी दिवा कुठे आहे यालाही महत्त्व आहे. तो गाडी येते त्या बाजूला, झेब्रा पट्ट्याच्या थोडा अलीकडे असला तर उजेड माणसाच्या अंगावर पडतो. पलीकडे असला तर समोर नुसती काळी आकृती. भारतीय मानकाप्रमाणे मोठ्या रहदारीच्या रस्त्यावर सरासरी ३० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक), त्याखालच्या रस्त्यांवर १५ आणि वसाहतींतल्या रस्त्यांवर ८ किंवा ४ लक्स उजेड हवा. फुटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा आणि डोक्यावर २.२ मीटर उंची हवी, असं रस्त्यांची मानकं ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था सांगते. ज्यांची दुकानं रस्त्यावर आहेत त्यांनी एकदा टेप घेऊन आपल्या दारापुढे मोजावं, ही हात जोडून विनंती. आणि शटर ओढलं तरी बाहेरचा एक दिवा रात्री दहापर्यंत चालू ठेवावा.

कार्तिकी एकादशीला श्रीरामाचा रथ निघतो तेव्हा जुन्या गावातल्या गल्ल्या अशा उजळतात की सुई पडली तरी सापडावी. हे आपल्याला जमतं. काठी टेकत त्याच गल्लीतून वर्षभर जाणाऱ्या आजोबांसाठीही ते जमायला हवं.

मावशींच्या अपघातानंतर आम्ही महानगरपालिकेला बंद खांबांचा अर्ज दिला. उत्तर आलं, "खांब क्रमांक द्या." तेव्हा राग आला होता. नंतर पटलं, क्रमांकाशिवाय वायरमनला पाठवणार तरी कुठे? आम्ही बॅटरी घेऊन गेलो, पुसट झालेले आकडे वाचले, नव्हते तिथे समोरच्या घराची खूण लिहिली. प्रत्येक खांबापुढे कारणही लिहिलं: दिवा गेलाय, फांदी आडवी आलीय, केबल तुटलीय, की टायमर बिघडल्यामुळे दिवे दिवसा जळतात आणि रात्री विझतात. हा कागद दिल्यावर आठ दिवसांत पाचही खांब लागले. म्हणून आम्हाला हेच काम वाढवायचं आहे, शहरभर.

त्यासाठी दोघादोघांच्या जोड्या हव्यात, रात्री आठ ते दहा. एका जोडीला दोन संध्याकाळी पुरतात. बायका यात पुढे हव्यात. कोणत्या वळणावर पाऊल आपोआप भरभर पडतं हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. इलेक्ट्रिकची कामं करणारे कुणी असतील तर बरोबर चला. इंजिनिअरिंगच्या मुलांनो, मोबाइलवरचं लक्स मोजणारं अॅप भरवशाचं नसतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेतला लक्समीटर रीतसर परवानगीने चार दिवसांसाठी मिळवून दिलात तर मोठं काम होईल.

पैशांबद्दल स्पष्ट सांगतो. वर्गणीतून आम्ही एकही दिवा विकत घेणार नाही. सार्वजनिक रस्त्यांवर दिवाबत्ती करणं हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे पालिकेचं बंधनकारक काम आहे आणि आपण त्यासाठी कर भरतो. आपण हौसेने दिवा लावला की तो बिघडल्यावर कुणाचाच राहत नाही. शिवाय खांबाला परस्पर वायर जोडणं जिवावर बेतू शकतं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की फुटपाथ वापरण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. हक्काच्या गोष्टीसाठी वर्गणी काढायची नाही, पाठपुरावा करायचा.

वर्गणी हवी आहे ती रेडियमच्या पट्ट्यांसाठी. खांद्यावरून कमरेपर्यंत येणारा पट्टा व्यापारी साधारण सव्वाशे रुपयांना देतो. पहिल्या खेपेला दोनशे पट्टे घ्यायचे आहेत: पोळ्या-धुण्याभांड्यांची कामं करणाऱ्या बायका, रात्रपाळीचे वॉचमन, पेपरवाली मुलं आणि गडावर पायी जाणारे यांच्यासाठी. उरलेल्या पैशांत रेडियम टेपचे रोल घेऊन शाळेच्या दप्तरांना, सायकलींना, आणि कापसाच्या हंगामात बैलगाड्यांना नि ट्रॉल्यांना मागून लावू. एका पट्ट्याचे पैसे दिलेत तरी पावती मिळेल आणि हिशेब दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वसाहतीच्या वाचनालयाबाहेरच्या फळ्यावर लागेल. पैसे जमत नसतील तर जुना टॉर्च द्या, चालेल.

आणखी एक. अपघात दिसला तर थांबा. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेलं कलम १३४ अ आणि त्याखालचे नियम यांप्रमाणे, चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर त्या मदतीमुळे खटला भरता येत नाही, आणि नाव-पत्ता सांगायची सक्तीही करता येत नाही. मावशींना वेळेवर दवाखाना मिळाला तो त्या मुलाला पळून जावंसं वाटलं नाही म्हणून. तो मुलगा आता आमच्याबरोबर खांब मोजायला येतो.

पहिली फेरी येत्या शनिवारी. संध्याकाळी साडेसातला वाचनालयापाशी जमू. येताना बॅटरी, वही, खडू आणि पाण्याची बाटली आणा, चपला चालायच्या घाला. शक्यतो गाडी घरीच ठेवून पायी या. येतानाच्या रस्त्यावरचे बंद खांब तुमच्या वहीतले पहिले आकडे असतील.

आपले,
वाचनालयात जमणारे आम्ही रहिवासी, जळगाव