उतारा शेतकऱ्यानेच का वाहायचा?

सरकारी खात्यांच्या संगणक प्रणाली एकमेकींना जोडण्याची गरज मांडणारा आपल्या अंकातील लेख वाचला आणि पटला. हे अशक्य नाही, याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. महसूल आणि कृषी विभागांनी मिळून १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू केली. शेतकरी शेतात उभा राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढतो आणि नोंद सातबाऱ्यावर चढते. रावेर तालुक्यातल्या माझ्या केळीची नोंद मी अशीच केली. पण गेल्या पंधरवड्यात एका सरकारी कार्यालयाने त्याच नोंदीची छापील प्रत मागितली. १५ रुपये भरून काढलेला डिजिटल स्वाक्षरीचा उतारा दिला, तर ‘यावर तलाठ्याचा सही-शिक्का आणा’ म्हणाले. वास्तविक या उताऱ्याला वेगळ्या सही-शिक्क्याची गरजच नसते. ऐन घड कापणीत माझ्या दोन खेपा झाल्या, दोन दिवस गेले. सातबारा सरकारचा, मागणारे खातेही सरकारचेच. मग मधली ने-आण शेतकऱ्याच्या माथी कशाला? नवे अ‍ॅप काढण्याआधी प्रत्येक खात्याने गट क्रमांक टाकून महसूलची नोंद स्वतः पाहावी, आणि जळगाव, धुळे, नंदुरबारच्या जिल्हाधिकाऱ्यांनी तसा लेखी आदेश या हंगामातच काढावा.

– एक केळी उत्पादक, ता. रावेर (जि. जळगाव)