नानांच्या खुर्च्यांना स्क्रू

नागपूर

प्रिय सुध्या,

तुझ्या नानांनी घडवलेल्या वाचनालयातल्या खुर्च्यांना स्क्रू मारायचं समितीनं ठरवलंय. इथे ज्याला सांगतो तो म्हणतो, "मग बरंच झालं की, पक्क्या होतील." म्हणून तुलाच लिहायला बसलो.

माझी शुगर ठीक, गुडघाही ठीक. पुढचं ऐक.

खुर्च्या हलतात हे खरं. पण सगळ्या एकाच जागी ढिल्या झाल्यात, बाजूची पट्टी मागच्या पायाला मिळते तिथे. वाचणारा मागे रेलतो, पुढचे पाय उचलतो, सगळा भार त्या सांध्यावर येतो. नाना हे जाणून होते, म्हणून सात सुती पट्टीला (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) अडीच सुती कुसू, म्हणजे पायाच्या खाचेत शिरणारी पट्टीची जीभ. त्याहून जाड केलं तर खाचेच्या भिंती पातळ होतात, बारीक केलं तर कुसूच मोडतं. मी एक खुर्ची उलटी करून पाहिली. कुसू शाबूत आहे रे! फक्त सरस सुटलाय.

आता स्क्रू पायातून पट्टीच्या टोकात जाणार. तिथे लाकडाच्या रेषा तुटलेल्या, आटे धरणार कशाला? त्यात आपल्याकडचा मे महिना. सागवान आकसतं, श्रावणात पुन्हा फुगतं, स्क्रू जागचा हलत नाही. पाय उभा चिरला की खुर्ची थेट जळणात. सी.पी. सागवान, म्हणजे जुन्या मध्य प्रांतातलं, बल्लारशाच्या लाकूड डेपोतून निवडून आणलेलं, इंचाला वर्ष या हिशेबानं सावलीत वाळवलेलं, आणि त्याची ही गत!

दुसरा सल्ला फेव्हिकॉल ओतायचा. झालं, सरस की फेव्हिकॉल हे आपलं जुनं भांडण! नव्या सांध्यापुरतं तुझं म्हणणं मी कधीच मान्य केलंय, पण इथे नाही. जुन्या सरसाच्या थरावर ओतलेला फेव्हिकॉल लाकडापर्यंत पोचतच नाही. नवा गरम सरस जुन्यात विरघळून एकजीव होतो, आणि पुढे कुणाला खोलायचा झाला तर खोलताही येतो. करायचा मात्र माझ्या आबांच्या पद्धतीनं. रात्रभर थंड पाण्यात फुगवायचा, मग पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून 60 ते 65 अंशांवर तापवायचा. उकळला की ताकद गेली. (वास तोच. काकू नानांना आधी आंघोळ, मग चहा म्हणायच्या, तो.)

सांधा खोलायला गरम पाणी पाजायचं, लाकडी हातोडीनं हलके ठोके द्यायचे. सरस खरवडायचा, लाकूड नाही. कुसू झिजलं असेल तर त्याच्या गालाला, म्हणजे सपाट बाजूला, सागाचीच पातळ चीप चिकटवून पटाशीनं उतरवायची, हाताच्या दाबानं आत बसेल इतकीच. ठोकून बसवावी लागली तर पाय फाटतो. मग दोरीला काठीनं पीळ देऊन आवळायचं, दोन्ही कर्ण एका काठीनं मोजून सारखे करायचे आणि दिवसभर हात लावायचा नाही. कर्ण चुकला तर खुर्ची तीन पायांवर उभी राहते.

वेताच्या बैठकाही काढून प्लॅस्टिकचा वेत घालणार म्हणे. जिथे वेत तुटलेला नाही, नुसता झोळ पडलाय, तिथे खालच्या बाजूनं गरम पाण्यानं चिंब भिजवून सावलीत वाळवला की तो पुन्हा ताणून बसतो. प्लॅस्टिक असं आवळत नाही. आणि पॉलिश ऐन पावसाळ्यात! स्पिरिट उडताना हवेतली ओल खेचतं, चपड्यावर, म्हणजे लाखेच्या पॉलिशवर, पांढरी झाक येते. म्हणून काम दिवाळीनंतरच हवं. सध्या लाकूड फुगलंय, ढिले सांधेही घट्ट वाटतात. नक्की काय बिघडलंय तेसुद्धा आत्ता कळायचं नाही.

समिती माझं ऐकत नाही. माझे आबा सरसवाले, नाना मिस्त्री तुझे. तू मुलगा म्हणून चार ओळी लिही, स्क्रू नको आणि काम दिवाळीनंतर, एवढंच. मिस्त्री मी शोधून ठेवलाय, पटाशीला धार लावून काम करणारा आहे. नानांच्या वहीत मापांचं पान असेल तर त्याचा फोटोही पाठव, मागच्या पायाचा बाक त्याला हवाय.

तुझी बदली झाली का? वहिनींचा डोळा कसा आहे? चिनूच्या निकालाचं कळव.

पत्र शनिवारच्या आत पोचायला हवं. सोमवारी कंत्राटदार खुर्च्या उचलणार आहे.

तुझा,
विन्या