‘जेवलीस का?’

ती. आई-बाबांना,
सा. न.

फोनवर तुम्ही रोज विचारता, “जेवलीस का?” आणि मी “हो” म्हणते. त्यात खोटं काहीच नव्हतं. तरी दिवाळीनंतर हिमोग्लोबिन तपासलं तर ९.८ निघालं. बाईचं १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात. तेव्हा कळवलं नाही, कारण आई, तू डबा घेऊन पहिल्या एसटीत बसली असतीस. आता गोळ्या चालू आहेत, तीन जिने चढताना धाप लागत नाही, म्हणून लिहितेय.

माझी परभणीची रूममेट आहारशास्त्रात पीएचडी करतेय. सरावाला तिने मलाच धरलं: कालच्या चोवीस तासांत काय काय खाल्लंस? मी ऐटीत सांगायला लागले. सकाळी पोहे, चहा. दुपारी पोळी, बटाट्याची भाजी, वरणभात. चारला चहा-बिस्किट. रात्री पोळी, वांगं-बटाटा, पुन्हा वरणभात. तिच्या कागदावर दहा खाने: धान्यं, डाळी, दाणे-तीळ, दूध, मांस-मासे, अंडी, हिरव्या पालेभाज्या, गाजर-आंब्यासारखं केशरी काही, इतर भाज्या, इतर फळं. निदान पाच भरायला हवेत. माझे पोहे, पोळी, भात, बिस्किट आणि बटाटा (हो, बटाटासुद्धा!) सगळे पहिल्याच खान्यात जाऊन बसले. वरणाचा एक, वांग्याचा एक. झाले तीन. मी वरणावरची कोथिंबीर पुढे केली, तर म्हणे १५ ग्रॅमच्या आतलं धरत नाहीत. मेसच्या चहात दूध नावालाच, तेही गेलं.

मेसवाल्या मावशींना दोष देऊ नका. दोनशे ताटांची मेथी निवडणार कोण? बटाटा सोलला की झालं. फळ-अंडं ज्याचं त्याने आणायचं, आणि सलग तीन दिवस गैरहजर राहिल्याशिवाय खाडा धरत नाहीत. मग पैसे भरलेत म्हणून तेच जेवायचं, आणि वर पेरूला वेगळे पैसे टाकायचे जिवावर येतं.

मी थोडं बदललंय. जेवणावरचा चहा तासाभराने घेते, तो लोह अंगी लागू देत नाही. वरणावर लिंबू पिळते. फुटाण्याची पुडी टेबलावरच असते.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या तक्त्यात माझ्या वयाच्या बाईला रोज २९ मिलिग्रॅम लोह सांगितलंय, पुरुषाला १९. आणि आई, तू माझ्या वयाची होतीस तेव्हा पालेभाजीची कढई आधी आमच्यात फिरायची. तू तव्यापाशी, कढईला लागलेलं पोळीने पुसून खायचीस.

परवा फोनवर मी गुपचूप तुझेही खाने भरले. ते मोजमाप १५ ते ४९ वयासाठीचं, तू त्यातून कधीच सुटलीस, तरी भरले. “रात्री दोघांपुरता कुठे घाट घालायचा, चहा-खारी घेतली,” म्हणालीस. माझ्याहून एक कमी आला.

शनिवारी दुपारच्या गाडीने निघतेय. बाबा, बाजारात चाकवत दिसला तर दोन जुड्या आणून ठेवा, निवडायला मी आहे. आईचं रक्तही सोमवारी तपासून घेऊ, तिला आधी सांगू नका म्हटलं असतं, पण पत्र तीच वाचून दाखवणार. आणि आई, रविवारी तू आमच्याबरोबर पंगतीला बसायचंस. पोळ्या मी लाटते. जाड होतील.

तुमची,
धाकटी