डोळे मिटतात त्याचे कारण

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. पापण्या आपोआप घट्ट मिटतात, उन्हात स्कूटर चालवणे बंद करावे लागले आहे आणि डॉक्टरांनी या आजाराचे नाव ब्लेफरोस्पाझम असे सांगितले आहे, एवढे लिहून शेवटी तू विचारतोस की आपल्या हातून असे काय घडले. वयाच्या 41 व्या वर्षी पेन धरताच माझे मनगट आत वळू लागले, तेव्हा मीही स्वतःला हेच विचारत असे. म्हणून आज सविस्तर लिहितो. हे पत्र मी हाताने का लिहिलेले नाही, हे तुला सांगायला नकोच.

तुझ्या पापण्या आणि माझा हात ही एकाच विकाराची दोन रूपे आहेत. स्नायू धडधाकट असतात, पण त्यांना मेंदूकडून येणारी आज्ञा चुकते आणि ते नको तेव्हा आखडतात. याला डिस्टोनिया म्हणतात. हे नाव जर्मन वैद्य हर्मान ओपेनहाइम यांनी 1911 मध्ये दिले. प्रौढ वयात सुरू होणारा डिस्टोनिया बहुधा शरीराच्या एकाच भागापुरता राहतो. लिहिणारा हात साधारण तिशी-चाळिशीत, मान त्यानंतर आणि पापण्या पन्नाशी-साठीत, असा त्याचा ढोबळ क्रम आहे. पापण्यांचा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो. वय आणि लिंग या दोन्ही गोष्टी आपल्या हातातल्या नाहीत, तेव्हा त्यांचा दोष तू स्वतःकडे घेऊ नकोस.

माझ्यासारख्या लिहिताना आखडणाऱ्या हातांविषयी फ्रान्समध्ये झालेला एक अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. रोज जितका वेळ लिहिण्यात जातो तितका धोका वाढतो आणि त्रास सुरू होण्याआधीच्या वर्षात लिखाण एकाएकी वाढले असेल तर तो आणखी वाढतो, असे त्यात दिसले. पेन कोणते वापरले याचा मात्र संबंध आढळला नाही. ते वाचताना मला कचेरीतले ते वर्ष आठवले, जेव्हा जुन्या नोंदवह्या नव्याने उतरवून काढण्याचे काम आम्हा सहा जणांवर पडले होते. पण हात आखडला तो माझा एकट्याचा. बाकीचे पाच जण निवृत्त होईपर्यंत लिहीत राहिले. जोखमीचा घटक आणि कारण यांतले अंतर मला त्या पाच जणांमुळे समजले.

तुझ्या बाबतीत डोळ्यांचा कोरडेपणा आणि चुरचुर यांचा विचार करावा लागेल. पापण्यांचा त्रास सुरू होण्याआधी कित्येक रुग्णांना डोळ्यांची अशी तक्रार असते, मात्र ती आजाराला निमित्त ठरते की आजाराचीच पहिली खूण असते, याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. इटलीतल्या अभ्यासात नियमित कॉफी पिणाऱ्यांत हा विकार कमी आढळला. तरी कॉफी हे औषध आहे असे त्यावरून ठरत नाही. रात्री जागून केलेल्या वाचनाला तू दोष देतोस, पण त्याला आधार मला कुठेही सापडला नाही.

लेकीची काळजी तू ओझरती लिहिली आहेस, पण पत्रातले सर्वांत जड वाक्य तेच आहे. तुझ्या मावशींची मान सतत हलत असे हे मला आठवते, ते डॉक्टरांना जरूर सांग. काही घराण्यांत हा विकार उतरतो, परंतु बहुतेक रुग्णांच्या घरात दुसरा रुग्ण नसतो, आणि ज्ञात जनुकीय दोष अंगात असूनही आयुष्यभर काहीच न होणारी माणसे पुष्कळ असतात.

आता ज्यासाठी हे पत्र तातडीने पाठवत आहे ती गोष्ट. जेवणानंतर पोट फुगते म्हणून तू पित्ताची कॅप्सूल घेतोस, ती किती महिने चालू आहे? आपल्याकडे अशा कॅप्सूलमध्ये आम्ल कमी करणाऱ्या पँटोप्रॅझोलबरोबर पुष्कळदा लेव्होसल्पिराइड नावाचे दुसरे औषध असते. हे दुसरे औषध मेंदूत संदेश पोचवणाऱ्या डोपामिन या रसायनाच्या कार्यात अडथळा आणते, आणि ते दीर्घकाळ घेतल्यास कंप, तोंडाच्या विचित्र हालचाली किंवा स्नायूंचे आखडणे उद्भवू शकते. उलटीवरचे मेटोक्लोप्रमाइड त्याच जातीचे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2009 मध्ये त्यावर ठळक इशारा छापायला लावला आणि 12 आठवड्यांपेक्षा अधिक काळ ते घेणे टाळावे असे सांगितले. वाढते वय आणि मधुमेह यांनी हा धोका वाढतो, आणि तुला मधुमेह आहे. सगळ्या घटकांत बदलता येण्याजोगा असा हाच एक मला दिसतो. तरीही गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नकोस; सर्व पाकिटे पिशवीत घालून मेंदूविकारतज्ज्ञांसमोर ठेव.

‘हे मनाचे खेळ आहेत’ असे तुला घरात कोणी म्हणाले, ते वाचून मला वाईट वाटले. मलाही एका डॉक्टरांनी वर्षभर हेच ऐकवले होते. गुणगुणताना किंवा भुवईला बोट लावताच तुझे डोळे उघडतात, यावरून लोकांना तसे वाटते. परंतु असा स्पर्श उपयोगी पडणे हे याच आजाराचे लक्षण आहे. लंडनचे मेंदूविकारतज्ज्ञ डेव्हिड मार्सडेन यांनी 1976 मध्ये पापण्यांच्या या विकारावर लिहून तो मेंदूचा आजार असल्याचे ठामपणे मांडले. यावर उपचार म्हणून आखडलेले स्नायू सैल करणाऱ्या बोटुलिनम टॉक्सिनच्या इंजेक्शनला अमेरिकेत 1989 मध्ये मान्यता मिळाली. त्याचा परिणाम साधारण तीन महिने टिकतो आणि मग ते पुन्हा घ्यावे लागते.

तपासणीची तारीख कळव. वहिनींना एकटीने धावपळ करावी लागू नये म्हणून मी आदल्या रात्रीच येतो, आणि त्या दिवशी गाडी मीच चालवीन.

तुझाच,
बालमित्र